भिंतीतला बोल्ट आणि त्याची दोन टोके

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, नोकरीभर लिफ्टचा मेकॅनिक आणि निवृत्तीनंतर घरच्यांच्या कामातल्या चुका काढणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. याबाबत घरात एकमत नसले तरी आमच्या डॉक्टरांनी तपासून तसे सांगितले आहे आणि पहिला साक्षीदार म्हणून ते सही करणार आहेत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नी मधूनमधून येऊन "अक्षर जरा सुटं काढा, नाहीतर वाचायलाही तुम्हालाच बोलवावं लागेल" असे म्हणून जाते. ते दडपणात मोडत असल्यास नोंद घ्यावी.

लिहिण्याचे कारण असे: येत्या मंगळवारी माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, ती बदलणार आहेत. सर्जनबाई तरुण आहेत, हात स्थिर आहे, बोलणे मोजके आहे. काम झाल्यावर वजन टाकून चाचणी घेता का, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही जिना चढून दाखवाल तीच चाचणी." जन्मभर लोकांना जिना चढू न देणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावे लागले. बाई मला आवडल्या. तरी दुरुस्तीला दिलेली वस्तू परत येईलच असे कोणी गृहीत धरू नये, म्हणून हा कागद.

एक अडचण आधीच सांगतो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी मोकळी ठेवली आहे आणि ती माझ्या धाकट्या भावाची आहे. तो भिंतीपलीकडे राहतो आणि कित्येक वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. तो आला नाही तर मी सही करणार नाही आणि हा सगळा कागद रद्दीत जाईल. वकिलांनी मला परोपरीने समजावले की साक्षीला शेजारपाजारचा कोणीही चालतो. मी म्हणालो, शेजारचाच बोलावतो आहे.

कलम पहिले. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. जेवताना, रागाच्या भरात, "माझ्यामागे कोणाला काही मिळणार नाही" असे जे जे जाहीर केले, ते सर्व या कागदाने रद्द होत आहे.

कलम दुसरे, राहते घर. आमच्या वडिलांनी बांधलेल्या घराचा हा डावा अर्धा भाग आहे: पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि मागच्या अंगणाचा तुकडा. हे सर्व मी पत्नीला तिच्या हयातीपर्यंत देतो आणि तिच्यामागे आमच्या मुलीला. पत्नीने घरात हवे ते बदल करावेत. मी असतानाही ती ते करीतच आली आहे. सोफा या भिंतीचा त्या भिंतीला गेलेला मला नेहमी त्यावर बसायला गेल्यावरच कळला. फक्त पुढच्या खोलीतल्या मधल्या भिंतीला हात लावण्यापूर्वी कलम सहा, सात आणि आठ वाचावीत.

उजवा अर्धा भाग धाकट्याचा आहे. वाटणी झाली तेव्हा दोन्ही बाजूंना जोडणारे मधले दार विटा लावून बंद केले. त्या दिवशी मी कामावर होतो. संध्याकाळी घरी आलो तोवर गवंडी गिलावा करून, हात धुऊन निघून गेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिची गरज पडेल.

कलम तिसरे. माझ्या धाकट्या भावाला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. भांडे नाही, खुर्ची नाही, खिळासुद्धा नाही. हे वाचून त्याच्या कपाळाला आठी पडेल. ती पडू द्यावी, कारण पुढे येईल.

त्याच्याविषयी दोन शब्द इथेच लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला तो कोण ते कळेल. त्याचे पेट्यांचे दुकान होते. प्रवासाच्या पेट्या, वाद्यांच्या पेट्या, दुर्बिणीच्या, दागिन्यांच्या, कशाच्याही. जगातल्या प्रत्येक वस्तूला तिच्या मापाची एक पेटी असते आणि त्या पेटीबाहेर ती वस्तू धोक्यात असते, असे त्याचे मत आहे. तो चष्म्याच्या डबीलाही कापडी पिशवी शिवून घेतो. माझे मत याच्या बरोबर उलट. टांगलेली वस्तू डोळ्यांसमोर राहते, तिला काय होते आहे ते रोज दिसते. पेटीत ती कुजली तरी पत्ता लागत नाही. आम्ही दोघे आपापल्या धंद्यापायी असे झालो, की असे होतो म्हणून त्या धंद्यांत गेलो, हे मला सांगता येणार नाही. वडील म्हणायचे, "एक पोरगा सगळं टांगून ठेवतो, दुसरा सगळं कोंबून ठेवतो. घरात बसायला जागा उरलीय ती तुमच्या आईमुळे."

कलम चौथे, बचत. बँकेतली ठेव पत्नीच्या नावे आहेच. ती किती आहे हे तिला माहीत आहे, मला नाही. मी विचारले की ती म्हणते, "पुरेल. तुम्ही लिफ्टचं बोला."

कलम पाचवे, हत्यारे. पाने, पक्कडी, ओळंबा, पाणसळ आणि ड्रिल मशीन हे सर्व मी जावईबापूंना देतो. त्यांना हत्यारांची आवड आहे, वापरण्याची सवय नाही. मी काही समजावून सांगू लागलो की ते प्रत्येक वाक्याला मान डोलावतात आणि मग जसे करायचे ठरवले होते तसेच करतात. त्यांच्या घरातला पडदा त्यामुळे आजही एका बाजूने उंच आहे. मुलगी म्हणते, त्या बाजूने उजेड चांगला येतो. नवरा-बायकोत असे प्रेम असावे.

या हत्यारांत माझा मोठा पाना नाही. तो फार पूर्वी नाहीसा झाला आणि त्याचा संशय मी जावईबापूंवर घेऊन चारचौघांत बोलूनही दाखवला होता. पाना कुठे आहे ते मागाहून मला कळले, त्यामुळे तो संशय मी रीतसर मागे घेत आहे. ड्रिलच्या बारीक टोकांबद्दलचा संशय मात्र कायम आहे.

कलम सहावे, वाद्ये. आमचे वडील एका नाचघराच्या बँडमध्ये वाजवत. त्यांची चार वाद्ये माझ्याकडे आहेत आणि चारही पुढच्या खोलीतल्या मधल्या भिंतीवर टांगलेली आहेत. त्यांपैकी मँडोलिन मुलीला द्यावे; ते तिला वाजवता येते आणि न येणारी गाणीही ती न डगमगता वाजवते. व्हायोलिन पत्नीला. तिने ते कधी वाजवले नाही, पण इतकी वर्षे त्यावरची धूळ तिनेच पुसली आहे आणि पुसताना ती गुणगुणते, हे मी पेपराआडून पाहिले आहे. बँजो मला डॉक्टरांना द्यायचा होता. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकिलांनी सांगितल्यावर डॉक्टर हळहळले आणि त्यांच्या पत्नीला हायसे वाटले. तेव्हा बँजोही जावईबापूंनाच. त्यांचे शेजारी फार चांगले आहेत असे ते नेहमी सांगतात. ते किती चांगले आहेत ते आता कळेल.

वाद्ये कोणाच्याही घरी जावोत, टांगायची झाली तर मी सांगतो तशीच टांगावीत, ही अट आहे. बाहेरच्या भिंतीवर टांगू नयेत. ती पावसात ओल धरते आणि उन्हात तापते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर नकोत. वाफेने लाकूड फुगते आणि वाद्याचे पोट सुटते. माझे सुटले आहे ते वेगळ्या कारणाने. उघडताना दार जिथे आपटते तिथे नकोत आणि पलंगाच्या उशाशी तर नकोतच. भिंत आधी बोटाच्या पेराने ठोकून ऐकावी. पोकळ आवाज आला तर तिथे गिलाव्याचा नुसता पापुद्रा आहे, त्याच्या भरवशावर कॅलेंडरही लावू नये. भोक विटेत पाडावे, दोन विटांच्या सांध्यात नाही. भोकातून लाल भुकटी आली म्हणजे वीट लागली. करडी वाळू आली तर चार बोटे बाजूला सरकावे. मग त्यात गिट्टी बसवायची, म्हणजे प्लॅस्टिकची ती नळी, जी स्क्रू आत गेला की फुगते आणि विटेला धरून राहते. गिट्टी बोटाने ढकलून सहज आत गेली तर भोक मोठे झाले आहे असे समजून ते बुजवावे आणि नवे पाडावे. काडेपेटीच्या काड्या कोंबून वेळ मारून नेऊ नये. जावईबापू, हे वाक्य तुमच्यासाठी आहे, मान डोलावू नका.

वाद्याला दोरी बांधून ते खिळ्याला लटकवणाऱ्याशी माझा संबंध नाही. हुक असा असावा की त्याच्या दोन बोटांमध्ये मान बसेल आणि सगळा भार डोक्याखालच्या रुंद भागावर येईल. हुकाच्या बोटांवर रबर असेल तर त्यावर सुती कापड शिवून घ्यावे, नाहीतर रबर हळूहळू चिकटते आणि पॉलिश खाते. खाली, वाद्याच्या पाठीमागे, नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा चिकटवावा, म्हणजे कोणी जोरात दार लावले तरी ते भिंतीवर आपटणार नाही. उंची अशी ठेवावी की जमिनीवर उभे राहून दोन्ही हातांनी काढता येईल. वाद्य काढायला जो स्टुलावर चढतो, तो आज ना उद्या वाद्यासकट खाली येतो.

आणि वर्षातून एकदा चाचणी घ्यावी. वाद्य काढून ठेवावे आणि हुकाला त्याच्या कितीतरी पट जड अशी वाळूची पिशवी दिवसभर टांगावी. घरचे हसतात. त्यांना हसू द्यावे.

कलम सातवे, गिटार. चौथे वाद्य ही गिटार आहे आणि हे सगळे लिहिणे खरे तर तिच्यासाठीच आहे.

वडील गेल्यावर वाटणी सुरळीत झाली. कपाटे, भांडी, अंगणातला नळ, कशावरूनही आवाज चढला नाही. गिटार चांगली वाजवायचा तो धाकटा. मला तीन-चार गाणी येतात आणि ती सगळी एकच असल्यासारखी ऐकू येतात. तरी मोठा मुलगा म्हणून ती माझ्याकडे आली. धाकट्याने हरकत घेतली नाही. एवढेच म्हणाला, "राहू दे तुझ्याकडे, दादा. फक्त पेटीत ठेव. मी करून देतो पेटी." आणि त्याने ती खरोखरच केली. आत हिरवे मखमली अस्तर, गिटारीच्या अंगाचा खळगा, पितळेच्या कड्या. मधले दार तोवर बंद झाले होते, म्हणून पेटी घेऊन तो पुढच्या दाराने आला. तेव्हा मी भिंतीवर पेन्सिलीने खूण करीत होतो.

"हे काय चाललंय?" त्याने विचारले.

"हुक लावतोय."

"दादा, गिटार आहे ती. कोट नव्हे."

"पेटीत ठेवली की कोणी वाजवत नाही. समोर दिसली की हात जातो."

"आणि पडली तर?"

"मी टांगलेलं आजवर काही पडलेलं नाही."

"एक दिवस पडेल," तो म्हणाला. "तेव्हा मला हाक मारू नकोस."

"नाही मारणार."

त्याने पेटी उचलली आणि तो गेला. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. गल्लीत समोरासमोर आलो तर तो दुकानांच्या पाट्या वाचतो आणि मी विजेच्या तारा बघतो. आमच्या बायकांनी या अबोल्यात भाग घेतला नाही. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी दोन्ही घरांना सामाईक आहे आणि घरातली एकूण एक बातमी त्या दोरीवरून इकडची तिकडे जाते.

त्या दिवशी धाकटा गेल्यावर माझा पारा चढलेला होता. गिटारीला साधा स्क्रू आणि गिट्टी पुरते हे मला कळत होते. पण लिफ्टचे रूळ ज्या बोल्टांनी भिंतीला धरलेले असतात, त्यातला एक माझ्याकडे होता. ज्याच्यावर भरलेल्या लिफ्टमधल्या माणसांचे जीव सोपवतात, त्याच्यावर मी एक गिटार सोपवायची ठरवली. जागा निवडली ती बुजवलेल्या दाराची, कारण तिथे ऊनही येत नाही आणि ओलही नाही. भिंत पूर्ण विटेची आहे असे धरून लांब भोक पाडले. गवंड्याने मात्र दाराच्या जागी विटा उभ्या लावल्या होत्या, म्हणजे भिंत तिथे निम्म्याहूनही कमी जाड होती. ड्रिल भसकन आत गेले तेव्हा मला वाटले, मशीन आज चांगले चालते आहे.

पुढे दर वर्षी मी त्या हुकाची वाळूच्या पिशवीने चाचणी घेतली. हुक केसभरही हलला नाही. पाहुण्यांना मी तो मुद्दाम ओढून बघायला लावायचो. काही वर्षांपूर्वी अशीच चाचणी चालू असता मी जावईबापूंना म्हणालो, "याला म्हणतात काम." बाजूला पत्नी कपड्यांच्या घड्या करीत होती. तिला हसू आवरेना.

"काय झालं?" मी विचारले.

"काही नाही."

"काही नाही तर हसतेस कशाला?"

"अहो, काम चांगलंच आहे," ती म्हणाली. "फक्त निम्मं तुमचं आहे."

मग सगळे बाहेर आले. माझा बोल्ट भिंतीतून आरपार गेला होता आणि त्याचे टोक पलीकडे, धाकट्याच्या पुढच्या खोलीत, त्याच्या आरामखुर्चीच्या वर बोटभर बाहेर आले होते. त्याने ते पाहिले आणि त्याला टोपी अडकवली. थोड्या दिवसांनी त्याच्या ध्यानात आले की टोक कलते आहे. एवढ्याशा विटेत बोल्टला पकडच मिळाली नव्हती, तो सैल होत होता. म्हणजे गिटार पडणार होती. धाकट्याचे म्हणणे खरे ठरणार होते आणि त्यासाठी त्याला नुसते खुर्चीत बसून राहायचे होते.

त्याऐवजी त्याने लाकडाची एक जाड पट्टी कापली, तिला भोक पाडले, ती बोल्टवर चढवली, वायसर घातला आणि नट आवळला. त्या नटाच्या मापाचा पाना त्याच्याकडे नव्हता. भावजयीने तो दोरीपाशी माझ्या पत्नीकडे मागितला आणि हिने दिला. माझा मोठा पाना! तो अजून पलीकडेच आहे. मी जावईबापूंवर तोंडसुख घेत होतो तेव्हा ही शेजारी बसून चहा पीत होती. दोघी जावांनी इतकी वर्षे ताकास तूर लागू दिली नाही.

मी पिशवी उतरवून खाली ठेवली आणि मला रडू आले. हे लिहायला मला संकोच वाटत नाही. माझी गिटार माझ्या कामामुळे भिंतीवर आहे असे मी जगाला सांगत होतो, आणि जो मला मूर्ख समजत होता त्याने ती पलीकडून धरून ठेवली होती. जावईबापूंनी मला रडताना पाहिले आणि तेव्हापासून ते माझ्याशी फार गोड बोलतात. ते आता थांबवावे.

तेव्हाच पलीकडे का गेला नाहीस, असे कोणी विचारील. धाकट्याला मी त्याच्या जन्मापासून ओळखतो. चांगले काम करताना तो पकडला गेला की महिनाभर तोंड चुकवतो. लहानपणी त्याने माझी फाटलेली चप्पल गुपचूप शिवून ठेवली होती. मी आभार मानले तर आठवडाभर माझ्या ताटाशेजारी बसला नाही. नटाबद्दल आभार मानायला गेलो असतो तर त्याने नट काढून टाकला असता, नाहीतर घर विकले असते. म्हणून मी गप्प राहिलो आणि दर वर्षी वाळूची पिशवी टांगत राहिलो.

त्या गिटारीच्या सर्वांत जाड तारेला एक खोड आहे. पलीकडे धाकट्याला ठसका लागला की ती हलकेच घुमते. त्याची तब्येत मला डॉक्टरांच्या आधी कळते. माझी त्याला कशी कळते ते ठाऊक नाही, पण ऑपरेशनचे ठरले त्या दिवसापासून पलीकडचा रेडिओ बंद आहे.

कलम आठवे. ही गिटार मी माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला देतो. मोठ्यांच्या अबोल्याला तिने कधी जुमानले नाही. शाळा सुटली की पुढच्या दाराने यायची, हात धुवायची आणि विचारायची, "मोठे काका, काढू का?" काढू का म्हणेपर्यंत काढलेली असायची. आता ती बस डेपोत वेळापत्रके आखते, तरी रविवारी येतेच. तिच्या बोटांत तिच्या बापाचा हात आहे. ते तिला कोणी शिकवलेले नाही, कारण तिच्या बापाने आमच्या अबोल्यानंतर वाद्याला हात लावलेला नाही. गिटार भिंतीवर ठेवायची की हिरव्या अस्तराच्या पेटीत, हे तिने ठरवावे. दोन्ही बाजू तिने पुष्कळ ऐकल्या आहेत. माझी एकच अट आहे: आरामखुर्चीत जो कोणी म्हातारा बसलेला असेल, त्याच्या मांडीवर ती अधूनमधून न विचारता ठेवावी आणि आपण स्वयंपाकघरात निघून जावे.

हुक काढायची वेळ आलीच तर त्याची रीत लिहून ठेवतो. बोल्टचे डोके अलीकडे आहे आणि नट पलीकडे. पलीकडून एकट्याने नट फिरवला तर बोल्टही त्याच्याबरोबर गरगर फिरतो. अलीकडे कोणीतरी डोके पान्याने धरून उभे राहिले पाहिजे आणि भिंतीतून एकमेकांना सांगितले पाहिजे: धरलंस का, फिरवू का, थांब जरा. न बोलणाऱ्या दोन माणसांना हे काम जमत नाही. मी यावर पुष्कळ विचार केला. दुसरा मार्ग नाही.

कलम नववे. आता कलम तीनचे कारण.

वकिलांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, आणि मी सही करताना साक्षीदाराने ती डोळ्यांनी पाहिलेली असली पाहिजे.

"भिंतीपलीकडून ऐकली तर?" मी विचारले.

"काका, सही ऐकू येत नाही," वकील म्हणाले.

"आणि साक्षीदाराच्या मुलीला काही दिलं तर?"

"ते चालतं."

मी घरी आलो आणि पहिला खर्डा फाडून टाकला. त्यात गिटार धाकट्याच्या नावे होती. ती त्याला दिली असती तर घ्यायला तो नक्की आला असता, पण मी गेल्यावर. गेलेल्या माणसाकडे सगळेच येतात. मला तो आत्ता यायला हवा आहे. म्हणून, धाकट्या, मी तुला काहीही दिलेले नाही. ज्याला काही मिळत नाही त्यालाच इथे येऊन बसावे लागते, असा कायदा आहे, आणि एवढा सोयीचा कायदा माझ्या पाहण्यात दुसरा नाही. खुर्ची खिडकीपाशी ठेवली आहे. तुला पाठीला वारा लागलेला चालत नाही, म्हणून झडप लावून घेतली आहे.

मला मंगळवारची भीती वाटते. हे मी घरात कोणाला सांगितलेले नाही. तुला सांगतो आहे, कारण लहानपणी अंधारात आधी तूच घाबरायचास आणि तुला धीर देता देता माझी भीती जायची. या वेळी ते काम तू करावेस. बोलायचे नसेल तर बोलू नकोस, सहीला बोलावे लागत नाही.

निरोप दोरीवरून धाडला आहे. उत्तर आले ते एवढेच: "बघतो, म्हणाले."

येथवर लिहून मी पेन खाली ठेवले होते. आता पुन्हा उचलले आहे. वर लिहिलेले सर्व माझे आहे, मी ते वाचून पाहिले आहे, आणि खालची सही मी दोघे साक्षीदार माझ्यासमोर खुर्च्यांवर बसलेले असताना केली आहे. दोघे, हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे.

सही: लिफ्टवाला, थोरला
ठिकाण: मधल्या भिंतीची अलीकडची बाजू
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा रविवार, दुपार

साक्षीदार पहिला: सही माझ्यासमोर झाली. लिहिणारे गृहस्थ पूर्ण शुद्धीवर आहेत, त्यांच्या पत्नीच्या मते गरजेपेक्षा जास्त. बँजो न मिळाल्याचे मला दुःख आहे. सही: घरचे डॉक्टर.

साक्षीदार दुसरा: दादाने माझ्यासमोर सही केली. अक्षर वाचता येत नाही, म्हणजे सही त्याचीच आहे. यात मला काही मिळत नाही याची खात्री करून घेतली. दोन दुरुस्त्या आहेत. बोल्टला टोपी नव्हे, छत्री अडकवली होती. आणि नट दर उन्हाळ्यात पुन्हा आवळावा लागतो, कारण लाकडी पट्टी आकसते. एवढ्या सूचना लिहिल्या, त्यात ही राहिली. येताना पेटी बरोबर आणली होती, ती परत नेत आहे. हुक पक्का आहे. पाना आज देणार नाही. मंगळवारनंतर त्याने स्वतः पलीकडे येऊन घेऊन जावा. सही: पेटीवाला, धाकटा. ठिकाण: दादाची बाजू.